पाचारणाची दुपार

बायबलच्या नव्या करारात कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्राच्या अगदी शेवटी, सगळ्यांचे सलाम पोचवून झाल्यावर, प्रेषित पौल एक छोटासा निरोप देतो. अर्खिप्पाला सांगा, प्रभूमध्ये तुला जी सेवा मिळाली आहे ती पूर्ण करण्याकडे लक्ष दे. एवढेच. पुढच्या ओळीत तो स्वतःच्या हाताने सही करतो आणि पत्र संपते.

या एका वाक्यात पाचारणाबद्दलचे, म्हणजे देवाने एखाद्या कामासाठी बोलावण्याबद्दलचे, जवळजवळ सगळे येऊन जाते. सेवा ‘मिळाली’ आहे, अर्खिप्पाने ती शोधून काढलेली नाही. ‘पूर्ण करणे’ यासाठी मूळ ग्रीक क्रियापदाचा अर्थ भरणे असा आहे, एखादे भांडे काठोकाठ भरावे तसे. म्हणजे सेवा सुरू झाली होती, भांडे हातात होते, पण ते अजून भरायचे होते. तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. पौल अर्खिप्पाला वेगळी चिठ्ठी लिहीत नाही. तो मंडळीला, म्हणजे तिथल्या विश्वासणाऱ्यांना म्हणतो, तुम्ही त्याला सांगा. ती पत्रे सभेत मोठ्याने वाचली जात, म्हणजे अर्खिप्पाने हे वाक्य सगळ्यांच्या देखत ऐकले असणार. विश्वासूपणा ही त्याची खासगी बाब राहिली नाही. त्याची आठवण करून देण्याची जबाबदारी भावाबहिणींवर आली.

पाचारणाची पहाट सगळ्यांच्या लक्षात राहते. एखादी उपासना, एखादे वचन, गुडघ्यांवर घालवलेली एखादी रात्र, ‘हा मी आहे, मला पाठव’ असे मनापासून निघालेले शब्द. संध्याकाळीही बोलणारे पुष्कळ असतात, निरोपाच्या सभेत किंवा कबरेपाशी. दुपारबद्दल मात्र कोणी फारसे बोलत नाही, आणि माणसे हरवतात ती दुपारीच.

हे दुपारचे रूपक माझे नाही. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणारे ख्रिस्ती संन्यासी या दुखण्याला दुपारचे भूत म्हणत. स्तोत्र 91 मध्ये भर दुपारी नाश करणाऱ्या संकटाचा उल्लेख आहे, तिथून त्यांनी हे नाव घेतले. एव्हाग्रियस नावाच्या संन्याशाने त्याची लक्षणे वैद्याने नोंदवावीत तशी नोंदवली आहेत. हा हल्ला दिवसाच्या चौथ्या तासापासून आठव्या तासापर्यंत चालतो, म्हणजे साधारण सकाळी 10 ते दुपारी 2. सूर्य जागचा हलत नाही, दिवस 50 तासांचा झाला आहे असे वाटते. माणूस सारखा खिडकीबाहेर बघतो. कोणी भेटायला येते आहे का, याची वाट पाहतो. मग त्याला ती जागा नकोशी होते, हाताचे काम नकोसे होते. इथल्या भावांमध्ये प्रेमच उरलेले नाही असे वाटू लागते. त्याच सुमारास कोणी जुने दुखावले असेल तर तेही नेमके आठवते. शेवटी एक अगदी शहाणा वाटणारा विचार येतो: देवाची उपासना काय, कुठेही करता येते. दुसरीकडे जाऊ, तिथे काम सोपे असेल.

ही यादी सोळाशे वर्षांपूर्वीची आहे, आणि तरीही सेवेच्या दहाव्या किंवा पंधराव्या वर्षात असलेला कोणीही ती वाचून चमकेल. यात अविश्वास कुठेच नाही. देवाला नाकारणे नाही, उघड पाप नाही. नुसती जागा बदलण्याची ओढ आहे, आणि तिच्या तोंडी आध्यात्मिक भाषा आहे. त्या संन्याशांचा उपाय तितकाच साधा होता: खोली सोडू नका. हाताचे काम ठरलेल्या मापाने करत राहा आणि ते पुरे झाल्याशिवाय उठू नका.

पण ‘खोली’ म्हणजे नेमके काय, हे आधी ठरवावे लागते. पुष्कळ गोंधळ इथे होतो. प्रत्येक विश्वासणाऱ्याला एक सर्वसाधारण पाचारण आहे, ख्रिस्ताकडे येण्याचे आणि पवित्र जीवनाचे. ते कधीच बदलत नाही. त्याच्या आत प्रत्येकाला एक विशिष्ट काम दिलेले असते, शिकवण्याचे, आजाऱ्यांची सेवा करण्याचे, हिशेब राखण्याचे, लेकरे वाढवण्याचे, लाकूड घडवण्याचे. पवित्र शास्त्रात ‘देवाच्या आत्म्याने भरलेला’ असे ज्याच्याबद्दल ठळकपणे सांगितले आहे तो निर्गमातला बसालेल कारागीर होता. सोने, रुपे, पितळ, पाषाण आणि लाकूड हेच त्याचे सेवेचे क्षेत्र. तिसरा थर पदाचा. अमुक संस्था, अमुक मंडळी, अमुक खुर्ची. पद हे पाचारणाचे आजचे कपडे आहेत. कपडे जीर्ण होतात, बदलतात. पद गेले म्हणून पाचारण गेले असे समजून कोसळणारे लोक असतात, आणि पाचारण केव्हाच विझले तरी पद घट्ट धरून बसणारेही. दोघांचीही चूक एकच, त्यांनी कपड्यालाच देह मानले.

आपला वाटा नेमका कोणता हे ओळखण्यासाठी गणनेच्या पुस्तकातले चौथे आणि सातवे अध्याय सावकाश वाचावेत. कंटाळवाणे म्हणून आपण ते ओलांडून जातो. दर्शनमंडप, म्हणजे अरण्यातला उपासनेचा तंबू, वाहून नेण्याचे काम लेव्यांच्या, म्हणजे त्याच्या सेवेसाठी नेमलेल्या वंशाच्या, तीन कुळांना वाटून दिले होते. कामाच्या वयाचे 2,750 कहाथी, त्यांच्याकडे कोश (देवाच्या कराराची पेटी), मेज, दीपवृक्ष, वेद्या. 2,630 गेर्षोनी, त्यांच्याकडे पडदे आणि आच्छादने. 3,200 मरारी, त्यांच्याकडे फळ्या, अडसर, खांब, बैठका, मेखा आणि दोर. मरारींना तर कोणी कोणती वस्तू उचलायची हे नाव घेऊन नेमून द्यायचे होते. पुढे सरदारांनी सहा गाड्या आणि बारा बैल अर्पण केले तेव्हा मोशेने ते समान वाटले नाहीत. गेर्षोनींना दोन गाड्या आणि चार बैल, मरारींना चार गाड्या आणि आठ बैल. कहाथींना एकही नाही, कारण त्यांचे ओझे खांद्यावरच वाहायचे होते.

तुलनेच्या दुखण्यावर याहून चांगले औषध मला माहीत नाही. शेजाऱ्याला चार गाड्या मिळाल्या आणि मला एकही नाही, याचा अर्थ देव मला विसरला असा होत नाही. माझ्या ओझ्याचा प्रकारच वेगळा असू शकतो. आणि खांद्यावरचे ओझे गाडीवर चढवले तर काय होते हेही शास्त्रात नोंदलेले आहे. दाविदाने कोश नव्या गाडीवर ठेवून आणायला काढला. गाडी नवी होती, वाद्ये वाजत होती, हेतू चांगला होता. बैल अडखळले, गाडी हाकणाऱ्या उज्जाने कोशाला हात लावला आणि तो मेला. पहिल्या इतिहासात दावीद स्वतःच कारण सांगतो: पहिल्या वेळी लेवी वाहायला नव्हते, आपण विधीप्रमाणे देवाला शरण गेलो नाही. माणसांनी माणसांच्या खांद्यावर वाहायची कामे आज आपण व्यवस्थेच्या गाडीवर चढवतो. आजाऱ्याला भेटण्याऐवजी संदेश पाठवतो, शिष्य घडवण्याऐवजी कार्यक्रम आखतो. काम वेगाने पुढे सरकते आणि कुठेतरी बैल अडखळतो.

पाचारण खरे की केवळ हौस, हे तपासायला वेळ लागतो, आणि तो वेळ देण्याची शिस्त मंडळीने जुन्या काळीच घालून दिली आहे. सहाव्या शतकात बेनेडिक्टने मठांसाठी नियम लिहिला. त्यात नव्याने येणाऱ्याला सहज आत घेऊ नका अशी सूचना आहे. त्याने चार-पाच दिवस दारावर टकटक करत थांबावे. आत घेतल्यावर दोन महिन्यांनी त्याला संपूर्ण नियम वाचून दाखवावा, नंतर सहा महिन्यांनी पुन्हा, आणि आणखी चार महिन्यांनी तिसऱ्यांदा. म्हणजे बारा महिने. प्रत्येक वेळी त्याला मोकळेपणाने जाता यावे. हे सगळे झाल्यावर राहिलाच तर त्याने शपथ घ्यायची, आणि त्या शपथेतली एक बाब होती स्थैर्य, इथेच टिकून राहण्याची.

आपल्याकडे नेमके उलटे होते. भावनेच्या भरात एका सभेत हात वर होतो, त्याच आठवड्यात जबाबदारी गळ्यात पडते, आणि वर्षभराने माणूस थकून गेला की आपण म्हणतो, पाचारण खरे नव्हते. कदाचित खरेच होते, फक्त कच्चे होते. दाविदाचा अभिषेक झाला आणि तो परत मेंढरांकडे गेला. शौल राजाचा निरोप्या आला तेव्हा तो तिथेच होता. पौल दिमिष्काच्या वाटेवर पालटला, पण यरुशलेमेस जाऊन पेत्राला भेटण्याआधी तीन वर्षे गेली. मोशेने मिद्यानात 40 वर्षे काढली. ही वर्षे वाया गेली नाहीत, पण ती जगत असताना तसेच वाटले असणार.

कोरडेपणाबद्दल आता थोडे सविस्तर लिहितो, कारण निर्णय सर्वांत जास्त चुकतात ते इथे. प्रार्थनेत चव राहत नाही, वचन कागदासारखे लागते, देव लांब गेल्यासारखा वाटतो. सोळाव्या शतकात लोयोलाच्या इग्नाशियसने अशा काळासाठी एक नियम दिला: उजाडपणाच्या दिवसांत पूर्वीचा निर्णय बदलू नका. समाधानाच्या काळात जे ठरवले होते त्यावर ठाम राहा, कारण अंधारात सल्ला देणारा आवाज बहुधा चांगल्या आत्म्याचा नसतो. त्याला जोडून आणखी एक सूचना त्याने दिली आहे. एक तास प्रार्थनेचे ठरवले असेल आणि ती लवकर उरकावी असा मोह होत असेल, तर ठरल्यापेक्षा थोडे जास्तच बसा. पाच मिनिटे पुरेत. मनाला कळते की कुरकुर केल्याने सुटका होत नाही, उलट काम वाढते.

हा नियम पाळायचा तर तयारी आधीच करून ठेवावी लागते. मन स्वच्छ असताना, देवाची जवळीक जाणवत असताना, एका वहीत तारीख घालून तीन-चार वाक्ये लिहावीत: मला कोणासाठी पाठवले आहे, कोणते काम दिले आहे, कोणत्या वचनाने, आणि ते कोणी ओळखून दुजोरा दिला. शेवटचा मुद्दा टाळू नये. अंत्युखियात पवित्र आत्मा बोलला तेव्हा मंडळीने उपास केला, प्रार्थना केली, हात ठेवले, आणि मग बर्णबा व शौल (म्हणजेच पौल) निघाले. ज्या पाचारणाला एकाही प्रौढ विश्वासणाऱ्याचा दुजोरा नाही, ते अजून वहीत पेन्सिलीने लिहावे. मग ही वाक्ये दर तीन महिन्यांनी वाचावीत. वाचताना लाज वाटली, राग आला किंवा काहीच वाटले नाही, तर तेही तारखेसह खाली नोंदवावे. दोन वर्षांनी ती पाने चाळली की आपल्या ऋतूंचा नकाशा दिसू लागतो, आणि ‘आता सगळे संपले’ हा विचार पूर्वीही तीनदा येऊन गेल्याचे कळते.

या नियमाला एक अपवाद स्पष्ट सांगितला पाहिजे. जिथे मारहाण, शोषण, पैशांची अफरातफर किंवा पाप झाकण्याची सक्ती आहे, तिथे ‘खोली सोडू नका’ हे वाक्य लागू नाही. तिथून बाहेर पडणे आणि योग्य ठिकाणी तक्रार करणे हाच विश्वासूपणा. दुपारच्या भुताचे नाव घेऊन कोणाला अन्यायात डांबून ठेवणे हे मोठे पाप आहे, आणि ते घडते.

कोरडेपणा म्हणून आपण ज्याला ओळखतो त्यातला बराचसा भाग निव्वळ थकवा असतो. संदेष्टा एलीया रतामाच्या झाडाखाली पडून मरण मागतो तेव्हा देव त्याला उपदेश करत नाही. दूत त्याला हलवून जागे करतो, निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाणी देतो. तो खाऊन पुन्हा झोपतो. दूत परत येतो, पुन्हा खायला लावतो. 40 दिवसांची वाट चालून होरेबाला पोचल्यावर मग प्रश्न येतो: तू इथे काय करतोस? क्रम बघा. झोप, अन्न, पुन्हा झोप, पुन्हा अन्न, आणि नंतर संभाषण. शेवटी देव त्याला तीन नेमकी कामे देतो: हजाएलाचा अभिषेक, येहूचा अभिषेक, अलीशाचा अभिषेक. ‘मी एकटाच उरलो’ म्हणणाऱ्याला तिसऱ्या कामातून सोबती मिळतो. आणि पुढे राजांची दोन्ही कामे अलीशाच्या हाताखालून पार पडतात. एलीयाने स्वतः केले ते एकच, माणूस तयार करण्याचे. म्हणून कोणी सेवा सोडण्याची भाषा करू लागले तर आधी विचारावे, गेल्या महिन्यात पुरती झोप किती रात्री झाली? आठवड्यातला विसाव्याचा दिवस शेवटचा कधी पाळला? तो दिवस बुडत असेल तर आधी दोन-तीन महिने तो पाळावा, मग निर्णयाचे बोलावे.

विसावा बुडतो तो बहुधा चांगल्या कामांमुळे. मार्काच्या पहिल्या अध्यायात शिष्य येशूला शोधत एकांतात येतात आणि म्हणतात, सगळे लोक तुमचा शोध करत आहेत. कोणत्याही सेवकाला याहून गोड वाक्य ऐकायला मिळणार नाही. येशू उत्तर देतो, आपण आसपासच्या दुसऱ्या गावांत जाऊ, कारण मी त्यासाठीच निघालो आहे. आदल्या संध्याकाळी दाराशी अख्खे नगर जमले होते, आणि तो तिथून निघून जातो. गरज दिसली म्हणजे पाचारण आले असे नाही. यरुशलेमेची भिंत बांधणाऱ्या नहेम्याला विरोधकांकडून ओनोच्या मैदानात भेटीचे आमंत्रण चार वेळा आले, पाचव्यांदा उघडे पत्र आले, त्यात बदनामी होती. मग नहेम्या शमायाच्या घरी गेला तेव्हा शमाया म्हणाला, मंदिरात लपू, दारे लावून घेऊ. आमंत्रण, बदनामी आणि शेवटी धार्मिक सल्ला. तिसरा सर्वांत धोक्याचा, कारण तो भविष्यवाणीच्या आवाजात आला आणि विकत घेतलेला होता. भिंत 52 दिवसांत पुरी झाली. नव्या जबाबदारीला होकार देण्यापूर्वी एकच प्रश्न विचारला तरी चालेल: हे घेण्यासाठी हातातले काय खाली ठेवावे लागेल? उत्तर ‘काहीच नाही’ असे आले, तर हिशेब चुकला आहे असे समजावे. बहुतेकदा खाली ठेवली जाते ती प्रार्थना किंवा घर. आणि म्हाताऱ्या आईबापांना द्यायचे ते ‘देवाला अर्पण केले’ म्हणून टाळणाऱ्यांना येशू काय म्हणाला, ते सेवेच्या नावाखाली घर विसरणाऱ्यांनी वाचावे.

पैसा, मान आणि देहाच्या मोहांबद्दल सगळेच सावध करतात, म्हणून त्यावर लांबवत नाही. हिशेब दोघांच्या नजरेखाली असावा, आणि मनातली घाण ऐकून घेणारा एक तरी माणूस असावा. बारूखाच्या मोहाबद्दल मात्र कमी बोलले जाते. तो यिर्मया संदेष्ट्याचा लेखनिक. यिर्मया 23 वर्षे बोलत होता आणि लोक ऐकत नव्हते. बारूखाने सगळी वचने गुंडाळीवर शाईने लिहिली. राजा यहोयाकीम हिवाळ्याच्या घरात शेगडीपुढे बसला होता. तीन-चार रकाने वाचून झाले की तो ते चाकूने कापून विस्तवात टाकी, असे करता करता सगळी गुंडाळी जळली. देव यिर्मयाला म्हणाला, दुसरी गुंडाळी घे. बारूख पुन्हा लिहायला बसला, आणि या खेपेस तशाच आणखी पुष्कळ वचनांची भर पडली. त्याच सुमारास त्याला देवाने सांगितले होते: तू स्वतःसाठी मोठमोठ्या गोष्टी शोधतोस काय? शोधू नको. ज्याचे लिहिलेले जळणार होते, त्याला हे आधी ऐकावे लागले.

1812 च्या मार्चमध्ये बंगालमधल्या श्रीरामपूरच्या छापखान्याला आग लागली. मिशनरी विल्यम केरी आणि सहकाऱ्यांची हस्तलिखिते, कागद आणि छपाईचे खिळे त्यात गेले. मराठी नवा करार त्याच छापखान्यातून आदल्याच वर्षी बाहेर पडला होता. ते पुन्हा कामाला लागले. त्यानंतर कितीतरी वर्षांनी पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून सोप्या मराठीत शास्त्राचे भाषांतर हाती घेतले, तेही शेकडो स्त्रिया-मुलींचा संसार सांभाळत. 1921 मध्ये एकुलती मुलगी मनोरमा गेली, एप्रिल 1922 मध्ये त्या स्वतः गेल्या, आणि संपूर्ण भाषांतर 1924 मध्ये प्रसिद्ध झाले. ते छापील पुस्तक त्यांनी हातात धरले नाही.

भांडे भरत आले की ओझ्याचा आकार बदलतो, हेही मान्य करावे लागते. लेव्यांना वयाच्या 50 व्या वर्षी वाहण्याच्या कामातून मोकळे होण्याचा नियम होता. पण घरी बसायचे नव्हते. दर्शनमंडपात आपल्या भावांना हातभार लावायचा, राखण करायची. मेखा उचलणे थांबले तरी मंडपाशी उभे राहणे सुरूच. हे ज्यांना जमत नाही ते तरुणांच्या हातातून दोर ओढून घेत राहतात. आणि ज्यांनी मध्येच दोर टाकला त्यांचे काय? मार्क पौलाच्या सेवेच्या प्रवासात पंफुल्यातून परत फिरला होता. त्याच्यावरून पौल आणि बर्णबा यांच्यात इतका तीव्र वाद झाला की ते वेगळे झाले. दिमास एके काळी लूकच्या बरोबरीने सलाम पाठवत असे, पुढे तो जगाच्या मोहाने निघून गेला. दोघांची नावे तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या शेवटी, एकाच अध्यायात, जवळजवळ येतात. दिमास मला सोडून गेला. मार्काला घेऊन ये, तो सेवेसाठी मला उपयोगी आहे.

त्याच अध्यायात पौल म्हणतो, मी धाव संपवली आहे. आणि काही ओळींनी तीमथ्याला सांगतो, त्रोवसात कार्पाकडे राहिलेला माझा झगा आण, पुस्तकेही आण, विशेषतः चर्मपत्रे. आणि होईल तितके करून हिवाळ्यापूर्वी ये.